चारचे सव्वातीन

मला आधी एक सांगा, माणसानं भरोसा ठेवावा तरी कोणावर? समोरच्या माणसावर, की आपल्याच डोळ्यांवर? घाई नका करू. चहा येऊ द्या, दोन घोट घ्या, मग सांगा. मी घाई केली होती, आणि त्या घाईत माझी जी फजिती झाली, ती बाभुळगावात अजून लोक एकमेकांना टाळ्या देऊन सांगतात.

तुम्ही म्हणाल, शेठ, तुमच्यासारखा माणूस चुकतो कसा? तेच तर! माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत झाली, तीही कशीबशी. बाकीचं सगळं मी स्वतः शिकलो. आधी छापखान्यातले शिशाचे खिळे जुळवायला शिकलो, मग कंप्युटरवर अक्षरं जुळवायला. कागदाचा गठ्ठा नुसता हातात घेतला की सांगतो, पाचशे आहेत की चारशे नव्वद. यवतमाळचा ठोकवाला मला माल देताना दोन कागद जास्तच टाकतो, भीतीनं! हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर दुकानात एक कंप्युटर आहे. जुना. किती जुना? तो आणला तेव्हा ज्यांच्या पत्रिका छापल्या, त्यांच्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. नवा का घेत नाही? अहो, माझा मराठी अक्षरांचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो. नवीन सिस्टिम टाकली की सगळी अक्षरं किडे-मुंग्या होतात. म्हणून मीच हट्टानं जुनं ते जुनंच ठेवलं.

यंदाच्या मे महिन्यात देवसिंगभाऊ राठोड आले. आमच्याच तालुक्यातल्या तांड्यावरचे, शब्दाला वजन असलेला माणूस. मुलीचं लग्न. पत्रिका सातशे, आणि पत्रिकेत नावं एकशे त्रेसष्ट!

"शेठ, एकबी नाव सुटलं नाई पायजे," देवसिंगभाऊ म्हणाले. "मागच्या लग्नात साडभावाचं नाव सुटलं, थो अजून माह्या घरचं पाणी पीत नाई."

"बेफिकीर राहा, भाऊ."

"शुक्रवारी नेतो. शनिवारपासून वाटाच्या हायेत."

मी बसलो टाइप करायला. आणि कंप्युटर बसला माझ्या छातीवर! एक काका टाइप करावेत, बाहेर जाऊन पाणी प्यावं, परत यावं, तेव्हा कुठं काका पडद्यावर उमटायचे. मामांपर्यंत पोचलो तर मशीन गपगार. ते निळं कडं फिरतंय, फिरतंय, आणि मी त्याच्याकडे बघतोय. बुधवार उजाडला, आणि अजून आत्यांचा पत्ता नाही.

बोलावलं रफीकभाईला. बसस्टँडजवळ त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पंधरा वर्षांची ओळख. ईदचा शिरखुर्मा त्याच्या घरून माझ्याकडे येतो, दिवाळीचा फराळ माझ्याकडून त्याच्याकडे जातो. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली. धुळीचा ढग उठला, त्यात आम्ही दोघंही दिसेनासे झालो.

"शेठ, मेमरी कम हाय. दोन जीबी हाय, अजून दोन टाकून देतो. चार होऊन जाईन."

जुनी पट्टी काढली, शाळेच्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले, शेजारी नवी पट्टी बसवली. मी तेव्हा फोनवर होतो, यवतमाळच्या कागदवाल्याशी घासाघीस चालू होती. रफीकभाई म्हणाला, "शेठ, एक बात ऐका, हे तुमचं सिस्टिम जुनं हाय, तर..."

मी हात वर केला. "समजलं, समजलं!"

"आन याले उन्हाळ्याचं जास्त पळवू नका, गरम होते."

"समजलं ना भाऊ!"

काहीही समजलं नव्हतं. तो गेला.

आता दुकानात आलेला माल मोजल्याशिवाय मी आत घेत नाही, ही माझी सवय. मशीनची सगळी माहिती दिसते ते पान उघडलं. आणि माझे डोळे पांढरे झाले! लिहिलेलं काय? मेमरी चार जीबी. आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात, वापरण्याजोगी ३.२४!

अहो, म्हणजे काय? लेबल चारचं, माल सव्वातीनचा! तेलाच्या डब्यावर पंधरा लिटर छापायचं आणि आत भरायचं बारा, तसलाच प्रकार! आणि हे केलं कोणी? रफीकभाईनं? शिरखुर्मा देणाऱ्या हातानं?

मी कुंदाला हाक मारली. कुंदा म्हणजे माझी बायको. घर दुकानाच्या वरच, ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती.

"रफीकनं पाऊण जीबी दाबलं!"

"पाऊण काय?"

"जीबी!"

"मंग त्यालेच विचाराना. फोन कायले ठेवला हाय?"

किती साधी गोष्ट! पण मी पडलो हुशार व्यापारी. चोराला सावध करायचं नसतं, आधी पुरावा जमवायचा असतो. म्हणून मी रफीकला सोडून समोरच्या चहावाल्याला सांगितलं. हळू आवाजात. वर बजावलं, "कोणाले सांगू नको."

पुढचं ऐका. तासाभरात एक गिऱ्हाईक मला विचारतं, "शेठ, रफीकनं तुमची एक मेमरी काढून घेतली म्हणे?" जेवायला बसलो तोवर दोन्ही काढून घेतल्या होत्या. चार वाजता कळलं, एक गुरुजी लॅपटॉप घेऊन रफीकच्या दुकानात उभे आहेत आणि म्हणतात, "मागच्या महिन्यात तुमच्याकडं दिला होता. माह्या समोर मोजून द्या." त्यांच्यामागे अजून तिघं. एकजण तर नुसता माउस घेऊन!

मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटलं काय, तर बरं झालं, सगळे सावध झाले!

इकडे माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत. पाऊण जीबी कमी मिळालंय ना? मग जे आहे त्यालाच जास्त पळवू, भरून निघेल. दहा मजूर सांगितले आणि आठच आले, तर आठांकडून दहांचं काम करून घेत नाही का आपण? त्या रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला बुवा सांगत होता, मशीन चालू होताना अमुक बटण दाबा, निळं पान येईल, त्यात प्रोसेसर आणि मेमरीच्या वेगाचे आकडे असतात, ते थोडे थोडे वाढवा. थोडे थोडे! मी व्यापारी माणूस, थोड्यात काय भागतं? गुरुवारी सकाळी आकडे घेतले आणि सणसणीत चढवले.

आणि सांगतो तुम्हाला, मशीन पळालं! आत्या धडाधड आल्या. मावश्या आल्या. 'व्यवस्थापक' म्हणून तांड्यावरची चौतीस पोरं आली! सगळी एकशे त्रेसष्ट नावं बसली, फाइल सेव्ह केली. मी स्वतःचीच पाठ थोपटली. छापायला घेणार, तेवढ्यात डब्यातून असा आवाज यायला लागला, जणू आत कोणी पीठ दळतंय. हात लावला तर चटका! बाहेर ऊन पंचेचाळिशीचं, आत तापलेलं मशीन.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात एखादा जीव तापला तर आपण काय करतो? पाहुणा उन्हातून आला, लेकरू रडायला लागलं, म्हातारीला घेरी आली, तर एकच इलाज. कूलरसमोर बसवायचं! मीही तेच केलं. डब्याची बाजू उघडी केली, घरातला तो भला मोठा पत्र्याचा कूलर ढकलत आणला, टाकीत पाणी भरलं, नव्या गवताच्या ताट्या लावल्या, आणि कंप्युटरच्या उघड्या पोटावर सोडला फुल्ल!

कुंदा जिन्यात उभी. "अहो, थो पाणी फेकते!"

"थंडाव्यासाठीच लावला ना!"

पुढच्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी झाल्या. ताटीतून पाण्याचे तुषार उडाले. कंप्युटर 'फट्' म्हणाला आणि पडदा काळा. मी 'अरे अरे' करत एक हात कूलरवर आणि दुसरा डब्यावर ठेवला, आणि असा करंट बसला, असा करंट बसला, की चप्पल पायातून निघून पत्रिकांच्या नमुन्यांवर जाऊन पडली आणि मी खुर्चीसकट दारात!

डोळे उघडले तर दारात दोन माणसं उभी. देवसिंगभाऊ, एक दिवस आधीच कच्ची प्रत वाचायला आलेले. आणि त्यांच्यामागे रफीकभाई, घामानं डबडबलेला.

रफीकनं आधी कूलरचं बटण बंद केलं. मला उठवलं. पाणी दिलं. मगच बोलला.

"शेठ, मी चोर हाय?"

मान वर होईना, मी चप्पल शोधायला लागलो. करंटमुळे म्हणा, की कशामुळे.

"कालपासून लोक माह्या दुकानात मोजमाप करून राह्यले. माह्या पोरीले गल्लीत पोराइनं विचारलं, तुह्या अब्बानं शेठचं काय चोरलं? पंधरा साल झाले शेठ. मले एक फोन नाई करता आला?"

देवसिंगभाऊ माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे बोट दाखवलं, पण पडदा काळा! पुरावाही गेला होता. मी पुटपुटलो, "चार सांगितले, सव्वातीन भरले..."

रफीकभाईनं डबा पुढं ओढला. दोन्ही पट्ट्या काढल्या, रुमालानं टिपल्या आणि म्हणाला, "चला." आम्ही तिघं त्याच्या दुकानात गेलो. ते गुरुजी आजही तिथंच होते. त्यांनी आपला लॅपटॉप पुढे केला, तर रफीक म्हणाला, "यात नाई बसत गुरुजी," आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या एका डब्यात पट्ट्या बसवल्या. तेच पान उघडलं. चार! कंस नाही, बारीक अक्षर नाही. चारच्या चार!

"तुमचं सिस्टिम जुनं हाय, शेठ. त्याले सव्वातीनच्या वर दिसतच नाई. पेटी चारची हाय, तुमचा हात तळाले पोचत नाई. हेच सांगून राह्यलो होतो मी. तुम्ही म्हणाले, समजलं, समजलं."

दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"आन माह्या पत्रिका?" देवसिंगभाऊंनी विचारलं.

आता खरं सांगा, त्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? रफीकनं काय केलं ते ऐका. पेचकस खिशात टाकला आणि माझ्या आधी माझ्या दुकानाकडे चालायला लागला. मशीनची सगळी हाडं सुटी केली. आतली ती बटणासारखी गोल बॅटरी काढली, म्हणाला, "याच्यानं तुम्ही वाढवलेले आकडे विसरून जाईन हे." मग आतली ती हिरवी पाटी, मदरबोर्ड म्हणतात ती, उचलली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. कुठं? कुंदाच्या कुरडयांच्या शेजारी, पांढऱ्या धोतरावर! कुंदा काठी घेऊन राखणीला.

"वहिनी, दोन घंटे ऊन लागू द्या."

"लागू देतो, भाऊजी. यायलेबी बसवू का उन्हात?" काठी माझ्याकडे रोखलेली होती.

संध्याकाळी मशीन जोडलं, बटण दाबलं. निळं कडं फिरलं. मी श्वास धरलेला, देवसिंगभाऊंनी डोळे मिटलेले. फाइल उघडली. एकशे त्रेसष्ट! साडभाऊ सगळ्यात वर, ठळक अक्षरात.

रफीकभाईनं पैसे घेतले नाहीत. "लोकाइले सांगा," एवढंच म्हणाला.

मी चहावाल्याकडे धावलो. तर गोष्ट माझ्या पुढं धावलेली! "रफीकनं दम दिला म्हणून शेठ आता पलटून राह्यले," असं ठरून गेलं होतं. तोंडी सांगून भागेना. मग मी छापील माफीनामा काढला. सोनेरी गणपतीच्या जाड कागदावर, मोठ्या अक्षरात: 'रफीकभाईंनी चार दिले, चारच आहेत, चूक सर्वस्वी माझी.' खाली माझी सही. चहाच्या टपरीवर चिकटवला. गणपती बघून पहिले दोघं तर "अभिनंदन!" म्हणाले, पण खालचं वाचून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी स्वतः रफीकच्या दुकानात जाऊन चहा पाजून आले.

त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, देवसिंगभाऊ आले. गठ्ठे ठेवले समोर. मी म्हणालो, "घ्या भाऊ, सातशे."

ते खाली सतरंजीवर बसले, मांडी घातली, आणि पहिला गठ्ठा सोडला.

"हे काय?"

"मोजतो. बाभुळगावात माल मोजून घ्या लागते म्हणे."

एक एक पत्रिका! दारात गर्दी जमली. रफीकभाईही आला, गुरुजी आले, चहावाला केटली घेऊन आला. मी ऐटीत उभा. माझं मोजमाप चुकतं का कधी? सातशे कागद मीच हातानं तोलून ठेवले होते!

"सहाशे अठ्ठ्याण्णव... सहाशे नव्व्याण्णव..." देवसिंगभाऊंनी सतरंजी झटकली. गठ्ठ्याचा कागद उलटा केला. वर माझ्याकडे पाहिलं.

मी हादरलो. एक कमी? माझ्याकडून? आणि मग माझी नजर रस्त्यापलीकडे टपरीवर गेली. सोनेरी गणपती उन्हात चमकत होता. माफीनामा मी देवसिंगभाऊंच्याच सातशेतल्या कागदावर छापला होता!

पहिला हसला तो रफीकभाई. इतका हसला, की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "शेठ," म्हणाला, "सिस्टिमले दिसून नाई राह्यली का?"

तर मंडळी, तुमच्यापैकी जो कोणी आमच्या गावाचा हिशेब ठेवत असेल, त्याला माझी हात जोडून विनंती आहे, हिशेब खरा ठेवा. रफीकभाईच्या नावापुढे लिहा, चारचे चार. माझ्या नावापुढे लिहा, सातशेचे सहाशे नव्व्याण्णव. आणि माझं नाव आहे म्हणून खोडू नका.