रोटाला राहिलेलं नाव

माझी आई तोंडाची फटकळ आहे. म्हातारपणी झाली असं नाही, मला आठवतंय तेव्हापासून आहे. भाजीवाल्याच्या काट्यापासून जावयाच्या बुटांपर्यंत तिला कशातही खोट दिसते आणि दिसली की ती बोलून मोकळी होते. सारं गाव तिला अक्का म्हणतं, आम्ही मुलंही. वडील गेल्यापासून ती धरणगावजवळच्या आमच्या गावी एकटी राहते. शेजारच्या घरात नाना, म्हणजे माझे मोठे काका, त्यांच्या थोरल्या मुलाकडे असतात. नाना अक्काच्या अगदी उलट. कुणी काही सांगितलं की हसायचं, मान हलवायची आणि आमच्या अहिराणीत "चांगलं शे, चांगलं शे" म्हणायचं. साऱ्या भावकीत त्यांच्याबद्दल वाकडं बोलणारा माणूस सापडायचा नाही.

ही दोघं म्हातारी झाली आणि आमच्या शहाण्या कुटुंबाने ठरवून टाकलं की अक्काचं डोकं फिरत चाललंय. कशावरून? तर ती चिडचिड करते, संशय घेते, तेच तेच बोलते. अहो, ती तरुणपणीही तेच तेच बोलायची, कारण पहिल्या वेळी कुणी ऐकायचंच नाही. जळगावला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ पाहिले आणि दर सुटीला येऊन तो तिची परीक्षा घेऊ लागला. अक्का, आज वार कोणता? ती म्हणायची, तू आलास म्हणजे रविवारच असणार, एरवी कुठे फिरकतोस. हे उत्तर बरोबर होतं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याला फक्त सूर ऐकू आला.

त्याचा बेत पक्का होता. गावातला गॅस बंद करायचा, घराला कुलूप घालायचं आणि अक्काला जळगावला आपल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवायचं. अक्काला घर सोडायचं नव्हतं. मी धुळ्याहून फोन केला की ती एवढंच म्हणायची, त्याला सांग, माझी चूल माझ्याजवळ राहू दे. आणि त्याच फोनवर आणखी एक गोष्ट सांगायची. नानांचं काहीतरी बिनसलंय. दुपारी ओट्यावर येतात आणि तुझ्या वडिलांना हाक मारतात. मी हे भावाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, नानांचा जीव होता भावावर, आठवण येत असेल. आणि बघ ताई, ही आता नानांवरही संशय घ्यायला लागली.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. त्याआधी रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मोजतात. भावकीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. तो पुण्याला शिकत असो की अजून पाळण्यात असो. नाव सोडतात ते फक्त गेलेल्या माणसाचं, त्यामुळे जित्या माणसाचं नाव राहणं म्हणजे मोठा अपशकुन. बायकांची मूठ नसते, आणि माझ्यासारख्या लग्न होऊन गेलेल्या लेकीला तर हा रोट खायलाही मिळत नाही. तरी मी दरवर्षी जाते.

गहू मोजायचा मान नानांचा. त्या वर्षी ते सुपासमोर बसले, हसत हसत नावं घेतली, मुठी टाकल्या, हात झटकले आणि झालं म्हणाले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदर पुढे ओढून उभी होती. आमच्याकडे भावजय जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे तोंड करून सांगायचं, नाहीतर एखाद्या पोराच्या तोंडून. एवढी फटकळ अक्का, पण हा नियम तिने आयुष्यभर पाळला होता. त्या दिवशी ती सरळ नानांकडे बघून म्हणाली,

"नाना, धाकलानं नाव ऱ्हायनं."

धाकला म्हणजे नानांचा धाकटा मुलगा. सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे, चांगला धडधाकट आहे. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसले. मूठ काही उचलली नाही. मी समोरच बसले होते. ती कुणाबद्दल बोलतेय हे त्यांना कळलेलं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत मला ते स्वच्छ दिसलं.

घरात गोंधळ उडाला, पण कशावरून? अक्का जेठाला तोंडावर बोलली म्हणून. माझ्या भावाची बायको कुजबुजली की आता कुणापुढे कसं वागायचं याचंही भान गेलं. नानांच्या थोरल्याने घाईघाईने धाकल्याच्या नावाचे गहू सुपात टाकले आणि नानांनी गंमत केली म्हणून वेळ मारून नेली. बाप पोटच्या पोराला कसा विसरला, हे एकानेही विचारलं नाही. भावजय बोलली कशी, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. मी बोलायला गेले तर मला पाहुण्यासारखं चहा देऊन बसवलं.

त्यानंतर भावाने अक्काला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं, न विचारलेलंही सांगितलं, वर भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय हेही ऐकवलं. डॉक्टर हसून म्हणाले, यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. भावाला ते पटलं नाही. म्हणे ती डॉक्टरांपुढे बरोबर वागते. दिवाळीनंतर गॅस बंद, हे कायम राहिलं.

दसरा झाला आणि एक दिवस नाना धरणगावच्या बाजाराला म्हणून निघाले ते पार जळगावच्याही पलीकडे पहूरला सापडले. कुठली एसटी, कुठे बदलली, काही सांगता येईना. स्टँडवरच्या चहावाल्याने त्यांच्या खिशातल्या मोबाइलवरून घरी फोन लावला. तिथेही ते म्हणे सगळ्यांशी हसून बोलत होते. मग त्यांनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांपासूनचं आहे. लवकर आणलं असतं तर जरा आवरता आलं असतं. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? थोरला रडला. म्हणाला, नाना इतके शांत, त्यांची कधी तक्रारच नव्हती. ऐकून माझं डोकं सणकलं. लक्षात एकीच्या आलं होतं, आणि तिलाच तुम्ही वेडी ठरवत होता.

दिवाळीत सगळे अक्काच्या घरी जमलो. भावाने जाहीर केलं की घराला कुलूप लावायचं रद्द. थोरला आणि त्याची बायको दिवसभर शेतात असतात, नानांजवळ कुणीतरी हवं, अक्का शेजारीच आहे. माझा तोल गेला. मी म्हणाले, काल हिच्या हाती गॅस द्यायला भीत होता आणि आज घरचा रस्ता विसरणारा माणूस सोपवताय? तो म्हणाला, ताई, ओरडू नकोस, तू पण अक्कासारखी व्हायला लागलीस.

अक्का शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"त्यास्ले मी दखसू, पन तुम्ही सांगतस म्हनीसन नही. मी भांडस, म्हनीसन तुम्हले मी येडी वाटनू. त्या हासतस, म्हनीसन तुम्ही त्यास्ले सोडी दिधं."

भावाने त्यातलं पहिलं 'दखसू', म्हणजे बघेन, एवढंच ऐकलं. तो उठला आणि सोय झाली म्हणून सांगायला शेजारी गेला.