खुर्चीवर टाकलेला रुमाल

मी हवाईला राहायला चाललेय म्हटल्यावर रेडमंडच्या ऑफिसातल्या लोकांनी मला नारळाच्या झाडाचं चित्र असलेला मग भेट दिला. कुणी म्हणालं, उन्हाचा चष्मा विसरू नको. त्यांना कोण सांगणार की हिलो हे गाव बेटाच्या त्या अंगाला आहे, जिथे ढग मुक्कामाला येतात! रेडमंडचा पाऊस तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. हिलोचा पाऊस पत्र्यावर उभा राहून बोलतो. आणि आमच्या भाड्याच्या घराला नेमकं पत्र्याचंच छप्पर होतं.

आमच्या म्हणजे खरं तर नवऱ्याच्या. डोंगरमाथ्यावरच्या दुर्बिणींची यंत्रं सांभाळायची नोकरी त्याला हिलोत मिळाली, तेव्हा मी व्हिसाच्या कागदांनी रेडमंडला बांधलेली होते. ग्रीन कार्ड येईपर्यंत आमचा संसार फोनवर आणि विमानतळांवर झाला. भेटीचा पहिला दिवस एकमेकांना बिचकण्यात जायचा आणि शेवटचा बॅग भरण्यात. कार्ड हातात आलं तसा मी माझ्या टीमच्या लीडकडे विषय काढला. माणूस भला, पण त्याच्याही डोक्यावर साहेब आहेत. हिवाळाभर तिथून काम करून बघ, म्हणाला. तू इथे नाहीस हे मीटिंगमध्ये कुणाला जाणवलं नाही, तर कायमचं करून टाकू. जाणवलं, तर तुझं टेबल इथे आहेच.

थोडक्यात काय, आम्ही नवरा-बायकोनं एका घरात राहायचं की नाही, हे माझा आवाज कसा ऐकू येतो त्यावर ठरणार होतं.

रेडमंडचे सकाळचे नऊ म्हणजे हिलोचे सात. सातला पाऊस ऐन भरात असायचा. पहिल्याच सोमवारी मी जीव तोडून बोलले, आणि लीडनं काळजीच्या सुरात विचारलं, “तू शॉवरखाली उभी आहेस का?” सगळे हसले. मीही हसले. पाऊस थांबला की शेजारचे कोंबडे. कोंबडे दमले की संध्याकाळपासून बोटभर बेडूक अशा शिट्ट्या मारायचे, की खिडक्या लावूनही त्यांचाच कॉल चालू आहे असं वाटावं. मी कपाटात बसून पाहिलं, गाडीत बसून पाहिलं. शेवटी नवरा म्हणाला, “तू एखादी कोवर्किंग स्पेस बघ ना. गावात आहेत चार-पाच.”

झालं. माझ्या पायाला भिंगरी लागली.

पहिली जागा समुद्रासमोर, जुन्या लाकडी इमारतीत. तिथली मंडळी मेनलँडवरून, म्हणजे मुख्य अमेरिकेतून आलेली, ओल्या केसांची. भिंतीला सर्फबोर्ड टेकवून ठेवायचे आणि फोनवर बोलत येरझाऱ्या घालायचे. कॉल घ्यायला काचेची एकच खोली, टेलिफोन बूथएवढी, आणि तिच्यात कायम कुणीतरी खदखदा हसत असायचं. दुसरी जागा युनिव्हर्सिटीच्या मागे. तिथे इतकी शांतता, की मी डब्याचं झाकण उघडलं तर पलीकडच्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं. शिवाय एसी असा, की बेटावर येऊन मी स्वेटर घालून बसले. तिसरी एका कॅफेच्या माडीवर. झाडं, पंखे, सुंदर उजेड. पण खाली कॉफी दळायचं यंत्र सुरू झालं की वायफाय मान टाकायचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्याशिवाय कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

नवरा पसंत करायला मला दोन कप चहा पुरले होते. खुर्ची काही पसंत होईना. रोज संध्याकाळी घरी आले की मी त्या दिवशीच्या जागेचे दोष सांगत सुटायचे. आमच्या लनाईवर, म्हणजे इकडच्या ओसरीवर, वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा. दुसरीवर त्याची कामाची बॅग बसायची. ती मी आल्या दिवसापासून तिथेच होती, आणि त्याच्या अजागळपणावर मी एक-दोनदा कुरकुरलेही होते. पण ती उचलायची वेळ कधी आली नाही, कारण मी बसायचेच नाही. कठड्याला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत बोलायचे.

“नाचता येईना अंगण वाकडं,” एकदा तो म्हणाला.

“मी नाचतेय यार. अंगणच हलतंय, त्याला मी काय करू?”

नागपूरहून आईचा फोन आला की तिचाही तोच प्रश्न, “बसलीस का गं कुठे एका जागी?” चिडचिड व्हायची. या सगळ्यांना कसं कळत नाही, की चुकीची जागा निवडली तर परत जावं लागेल? मी सारखी तेच स्वतःला सांगत होते.

चौथी जागा मला आवडली. पूर्वी तिथे शिवणसामानाचं दुकान होतं. चालवणारी बाई सत्तरीची, तिचे आजी-आजोबा जपानहून इथे उसाच्या मळ्यात आले होते. गावात मोठ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, सरळ आंटी म्हणतात. त्यामुळे माझ्या जिभेला पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. चपलाही दाराबाहेर काढायच्या. तो चपलांचा ढीग पाहून मला आरतीला आल्यासारखं वाटलं. बाहेर चाफा, त्याच्यावर आपल्याकडच्यासारख्याच भांडखोर साळुंक्या. आणि कोपऱ्यात एक टेबल, ज्याच्या मागची भिंत कोरी आणि कॉलची खोली हाताशी. लीड म्हणाला, “आज तू पलीकडच्या खोलीत असल्यासारखं ऐकू येतंय.”

अडचण एकच. तिथे कुणाची जागा ठरलेली नव्हती. जो आधी येईल तो बसेल.

आता ही गोष्ट मला शिकवायला नको होती. नागपूरच्या एसटी स्टँडवर मी लहानाची मोठी झालेय. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दाराशी रेटारेटीला जायचं. रुमाल पडला की सीट आपली. धिप्पाड माणूससुद्धा त्या रुमालाला मान देतो, शेजारी उभा राहतो, पण बसत नाही. मी संध्याकाळी निघताना कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुमाल पसरून ठेवला आणि निश्चिंत घरी गेले. आईनं पाठवलेले सुती रुमाल माझ्याकडे होतेच.

सकाळी रुमाल गायब, आणि खुर्चीवर एक मुलगी बसून केळं खात होती. मला राग आला, पण बोलणार काय? संध्याकाळी मी दुसरा रुमाल टाकला. तोही गेला. मग दुपारी पाचवी जागा बघायला जाताना टाकला. हो, चौथी आवडली होती तरी मी पाचवी बघायला जात होते. समुद्रकाठच्या बाजारापलीकडे कुणीतरी नवीन उघडलीय, असं ऐकलं होतं. न बघता राहवेना. तो रुमालही गेला.

आठवड्याच्या शेवटी आंटीनं मला तिच्या टेबलाशी बोलावलं. ड्रॉवर उघडला. माझे सगळे रुमाल धुऊन, इस्त्री करून, एकावर एक ठेवलेले. तिनं माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “पोरी, तू रोज इथे बसून रडतेस का?”

मी त्या इस्त्रीच्या ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घरी काही त्रास आहे का? नवरा बरा वागतो ना?”

नवऱ्याची अब्रू वाचवायला मी घाईघाईनं सगळं सांगितलं. स्टँड, खिडकी, रुमाल, धिप्पाड माणूस. आंटी आधी गंभीरपणे ऐकत होती, मग इतकी हसली की त्यातलाच एक रुमाल घेऊन तिनं डोळे पुसले. “मी माझ्या बहिणीलाही सांगितलं होतं, की एक भारतीय मुलगी येते, फार दुःखी आहे,” ती म्हणाली. “आता तिला फोन करावा लागेल.”

त्याच दुपारी लीडचा कॉल आला. हिवाळा संपायला वेळ होता, पण त्याच्या साहेबांनी आधीच होकार दिला होता. टीममधल्या एकाला मी बेटावर आहे हे माहीतच नव्हतं म्हणे. “आता कायमचं,” तो म्हणाला. “खूश?”

मी थँक्यू म्हटलं. लॅपटॉप मिटला. अशा वेळी माणसानं नवऱ्याला फोन करायचा असतो. मी गाडी काढली आणि सहावी जागा बघायला निघाले.

पार्किंगमध्ये गाडी लावली आणि मला उतरवेना. आता कशाला बघायची आणखी एक जागा? मला भीती वाटत होती, आणि ती भीती जागा न मिळण्याची नव्हतीच. रेडमंडचा भाड्याचा फ्लॅट अजून माझ्या नावावर होता. माझा सोफा, माझी मसाल्यांची फळी, माझी खिडकी. लीज वाढवणार की सोडणार, असं विचारणारा लीजिंग ऑफिसचा मेसेज दोनदा येऊन गेला होता. मी दोन्ही वेळा ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बेटावर एकही जागा धड मिळाली नसती, तर मी परत गेले असते आणि त्यात कुणाचाच दोष नसता. इतकी वर्षं एकटं राहिल्यावर कुणाबरोबर राहणं मला जमेल का, हा प्रश्न मग विचारावाच लागला नसता. आता पाऊस, कोंबडे, वायफाय, कुणीच मदतीला येणार नव्हतं.

संध्याकाळी नवरा लनाईवर बसला होता. बॅग शेजारी. मी कठड्याला टेकले आणि रुमालांची गोष्ट सांगितली, आंटीची नक्कल करून. तो मनापासून हसला. “सगळ्या गावाला वाटत असेल, मी तुला मारतो,” म्हणाला. मग हसणं ओसरलं. समोरच्या अळूच्या पानांवर पाणी टपटपत होतं.

“आणि रेडमंडचा फ्लॅट?” त्यानं विचारलं.

“असू दे ना. काही झालंच तर.”

“म्हणजे तिथेही रुमाल.”

“तसं नाहीये.”

“मग कसं आहे?” त्याचा आवाज चढला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नाही, आणि त्याचा मला फार राग येतो. “तू खिडकीतून रुमाल टाकतेस आणि दुसरी गाडी बघायला जातेस. मी गाडीत बसलोय गं. इतकी वर्षं शेजारची सीट धरून बसलोय. शेजारचे काका येतात, ऑफिसातले येतात, विचारतात, इथे कुणी बसतं का. मी म्हणतो, हो, येतेय ती.”

मी बॅगेकडे पाहिलं. अजागळ म्हणाले होते मी त्याला.

“लीडनं हो म्हटलंय,” मी म्हणाले. “कायमचं.”

“कधी?”

“दुपारी.”

त्यानं मान हलवली. दुपारी कळलेलं संध्याकाळपर्यंत का नाही सांगितलंस, हे त्यानं विचारलं नाही. भात लावायला आत गेला. मी तशीच उभी राहिले. तेव्हाही बसले नाही. दुसऱ्यानं धरून ठेवलेल्या जागी आयतं बसायचं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी आंटीकडे पोचले, तर कोपऱ्यातलं टेबल गेलेलं होतं. तीच मुलगी, तेच केळं. एरवी मी लगेच चपला घालून दुसरीकडे गेले असते. त्या दिवशी प्रिंटरशेजारी, बाथरूमच्या दाराजवळ एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले. सगळ्यात वाईट जागा. प्रिंटर खाकरायचा, दार सारखं उघडायचं. मीटिंग झाली, आणि कुणालाच काही जाणवलं नाही. मग मी लीजिंग ऑफिसचा मेसेज उघडला आणि फ्लॅट सोडतेय असं लिहिलं. दोन ओळीच होत्या, पण पाठवायच्या आधी मी त्या तीनदा वाचल्या. पाठवून झाल्यावर रडू आलं, चांगलं घळाघळा. आंटीनं लांबून पाहिलं, उठून आली आणि काही न विचारता इस्त्रीचा एक रुमाल माझ्यासमोर ठेवून गेली. तिनं आता बहिणीला काय सांगितलं असेल कोण जाणे.

घरी येईपर्यंत मी चिंब झाले होते. तो लनाईवर, बॅग शेजारी. मी कठड्याकडे न जाता त्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

“इथे कुणी बसलंय का?” मी विचारलं.

त्यानं बॅग उचलून खाली ठेवली.

“एक यायची होती,” तो म्हणाला. “आली बहुतेक.”