पाणी न तोडलेली दोन झाडं

अंथुर्ण्याच्या काकूंनी त्यांच्या बागेतली दोन झाडं मला दिली, हे आधी सांगते. पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं आणि मग त्यांचं राहून जाईल.

डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात. झाड पानं गाळतं, आणि पुन्हा पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलावर येते. मी यवतमाळकडची. आठवीत शाळा सुटली, बहिणीची पोरं सांभाळायला इकडं आले आणि मग काकूंच्या बागेत कामाला लागले. आमच्याकडे कापूस, हे असलं कधी पाहिलेलं नव्हतं. झाडाला कसं कळतं, म्हणून मी काकूंचं डोकं खायचे. त्या म्हणाल्या, "मला न्हाय ठावं. तू बघ की."

मग बांधाकडच्या दोन झाडांचं पाणी तोडायचं नाही असं ठरलं. बागेच्या ठिबकच्या नळ्या बंद, म्हणून त्या दोघांना बादलीनं घालायचं. मी तापानं पडले तेव्हा काकूंनीच घातलं. फुलं त्यांनाही आली, पण आज इथं चार, मग कधीतरी तिथं दोन. व्यापाऱ्यापुढं ठेवावं असं काही निघालं नाही. शेजारणी म्हणायच्या, काकूंनी दोन झाडं नुसती पोसायला ठेवलीत, आणि तिसरी ही पोरगी. दहावी-बारावी मी बाहेरून दिली, तीही काकूंच्याच ओट्यावर बसून.

यंदा पुण्याच्या एका कॉलेजला अर्ज केला. कोणता विषय शिकायचा आणि का, ते लिहून मागितलं होतं. मी दोन झाडांचं लिहिलं. बारामतीचे एक सर असे निबंध फुकट तपासून, इंग्रजीत करून पाठवतात. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पण त्यांनी माझी झाडं खोडली आणि लिहिलं की डाळिंबासारखीच मीही पाण्यावाचून राहिले, आता फुलायला आले. खाली माझ्या बापाची दारू. ती मी त्यांना सहज बोलण्यात सांगितली होती.

ते त्यांनी त्यांच्या शिकवणीत, माझ्यासमोर, सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. एका मुलीनं डोळे पुसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गातल्याच एका डॉक्टरांच्या मुलानं ताऱ्यांवर लिहिलं होतं. त्याचे वडील काय पितात, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला तारे आवडतात एवढं पुरलं. मला नुसतं झाड आवडून चालत नाही, मला आधी रडावं लागतं.

पण अर्जाचा शेवटचा दिवस, सर बिघडले तर पाठवणार कोण? माझ्याबरोबर आलेल्या काकू बाजाराची पिशवी घेऊन दाराशी बसल्या होत्या. त्याच बोलल्या. "सर, तिला झाडाचं इचारायचं हाय. तुमी तिच्या बापाचं का काढताय?"

सर हसले. झाडावर कुणी ॲडमिशन देत नाही काकू, म्हणाले, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर देतात.

"न्हाय दिली तर न्हाय," काकू म्हणाल्या.

जाणार होती ती माझी ॲडमिशन. तरी मी सरांना म्हटलं, माझं होतं तेच पाठवा. त्यांनी पाठवलं, तोंड पाडून, आणि नंतर माझ्याकडं येऊ नकोस असंही सांगितलं.

उत्तर अजून आलेलं नाही. फोन वाजला की आधी पुण्याचा नंबर आहे का ते बघते, आणि सरांचं ते पाण्यावाचून राहिल्याचं वाक्य आठवलं की आजही जीव जळतो. कॉलेज मिळो न मिळो, काकू, झाडाला कसं कळतं ते मी कुठूनतरी शिकेनच. आणि एक दिवस तुमच्या त्या बांधावर येऊन, त्या दोन झाडांच्या बदल्यात, तुम्हाला सांगेन.