हुबारा, भात आणि माझी संशोधनाची जागा

शारजाच्या विमानतळाबाहेर विनूदादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, मला आपादमस्तक न्याहाळलं. "हे काय रे? वाघ मारायला आलायस?"

सामानात वजन नको म्हणून मी जाडजूड बूट आणि खाकी टोपी घालूनच विमानात बसलो होतो. संस्थान खालसा झालेल्या कुठल्यातरी राजाचा नातू दिसत असणार मी.

मारायला नाही, शिकाऱ्यांचा अभ्यास करायला आलो होतो. तिथल्या एका खासगी राखीव रानाने पीएच.डी.साठी एक जागा काढली होती. विषय होता ससाणे उडवून शिकार करणारे लोक आणि वन्यजीव व्यवस्थापन. सोलापूरकडच्या माळांवर माळढोक शोधत मी उन्हाने करपलो होतो आणि पुढचं शिक्षण तिथेच अडलं होतं. इथे परीक्षा सोपी होती. सकाळी पक्षी सोडायचे, शिकाऱ्यांशी बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी समितीला सांगायचं की पक्ष्यांचं काय झालं. जमलं तर जागा माझी.

अल मजाजला दादाच्या फ्लॅटवर वहिनीने थालीपीठ वाढलं. पुतणी सई म्हणाली, "काका, आर यू गोइंग टू शूट समथिंग?"

"नाही गं, पक्षी मोजणार."

"दॅट्स सो बोरिंग."

पहाटे प्रकल्पाची गाडी आली. शहर मागे पडलं, वाळू पांढरी होती ती हळूहळू विटकरी झाली. मधूनच एखादं घाफचं झाड, त्याखाली ढिम्म उंट. प्रकल्पाचे प्रमुख फाटकातच उभे होते. गोरे, उंच, आवाज मधात बुडवलेला. तिथे सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, आपण साहेब म्हणू.

आम्ही हुबारा सोडले. हुबारा (माळढोकाच्या नात्यातला, पण अंगाने लहान पक्षी) इथे पिंजऱ्यात वाढवतात. एकाच्या पायात मी स्वतःच्या हाताने कडं अडकवलं, पाठीवर सिग्नल देणारं छोटं यंत्र बांधलं. सोडल्यावर तो उडालाच नाही. टुकुटुकु आमच्या गाडीमागून चालत आला.

"किती माणसाळलेला!" मी कौतुकाने म्हणालो.

"रानाची ओळख व्हायला वेळ लागतो," साहेब म्हणाले, आणि मीही मान डोलावली. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला गाडी म्हणजे खाऊ घालणारी आई वाटते, हे माळावर उन्हाळे काढलेल्या माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दुपारपर्यंत साहेबांनी मला पिंजरे दाखवले. मग अबू सैफच्या तळावर सोडलं. हा पिढीजात ससाणेवाला. पांढरी दाढी, हिंदी फर्डं. मजलिसमध्ये (पाहुण्यांची बैठक) मला पाहून म्हणाला, "तुम शिकारी को पढ़ने आया? पढ़ो. ये दायाँ कान, ये बायाँ."

सगळे खिदळले. मीही.

भाताचं भलंमोठं ताट आलं. इथे यजमान स्वतःच्या हाताने मांसाचा उत्तम तुकडा तोडून पाहुण्यापुढे ठेवतो. अबू सैफने ठेवला, मी खाल्ला. पुन्हा ठेवला, पुन्हा खाल्ला. जरा चिवट, पण चव फर्मास!

"मुर्गी बहुत बढ़िया है," मी बोटं चाटत म्हणालो.

"मुर्गी?" अबू सैफने मांडीवर थाप मारली. "हाँ हबीबी, रेगिस्तान का मुर्गी!"

जेवण उरकून मी सिग्नल पकडायचं यंत्र काढलं, अँटेना उंचावली. टिक, टिक, टिक. चांगला खणखणीत! "चुप! पंछी एकदम पास में है," मी कुजबुजलो आणि वाकून, दबकत तंबूला वळसा घातला. अबू सैफ मागून मजा बघत येत होता. आवाज वाढत वाढत मला चुलीमागे घेऊन गेला. तिथे पिसांच्या ढिगावर पक्ष्याच्या पाठीवरचं यंत्र पडलं होतं. शेजारी कडं. सकाळी मी अडकवलेलं.

मी आधी मराठीत ओरडलो. जे ओरडलो ते छापता येणार नाही. मग हिंदीत.

अबू सैफचं हसू मावळलं. "मेरे पे क्यों चिल्लाता है? सुबह डॉक्टर का मेहमान आया. तुम्हारा डॉक्टर बोला, पंछी छोड़ा है, बाज उड़ाओ. ये शिकार है? मेरा बाप हुबारा के पाँव का निशान देखके दिन भर चलता था, शाम को ख़ाली हाथ आता था. ये तो गाड़ी देखके पास आता है! मेरे बाज को भी शर्म आता है!"

त्याचा राग माझ्या रागापेक्षा जुना होता.  

दुसऱ्या दिवशी दुबईत, देरा भागातल्या कचेरीत, समितीपुढे जाण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "सिग्नल हरवला म्हणून सांगा. वाळवंटात होतं असं. जागा तुमचीच आहे."

आत प्रश्न आला, "पक्ष्यांचं काय झालं?"

"बाकीच्यांचं ठाऊक नाही," मी म्हणालो. "एक मी खाल्ला. भाताबरोबर."

कोणीतरी हसलं. मग मी साहेबांच्या पाहुण्यांपासून चुलीपर्यंत सगळं सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "उमेदवाराला क्षेत्रकार्याचा अनुभव कमी आहे." खलास.

दादाच्या गाडीतून परतताना देरापासून शारजापर्यंत गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या आणि दादा चालत्या रेडिओसारखा बोलत होता. "अरे गाढवा, सिग्नल मिळाला नाही, एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? करिअरचा प्रश्न होता!"

"बट डॅड," मागून सई म्हणाली, "ही एट इट."

दादाने उगाचच हॉर्न वाजवला. त्या पोरीला मी मनातल्या मनात पीएच.डी. देऊन टाकली.

पुण्यात परतलो. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्याचा सिग्नल वेळच्या वेळी हरवत असेल. माझा राग अजून उतरलेला नाही, पण तो अबू सैफवर नाही. ज्याचा अभ्यास करायला गेलो, त्याने मला सगळं खरं सांगितलं, वर हाताने भरवलं. खोटं बोलायची विनंती झाली ती व्यवस्थापनाकडून. शिकाऱ्यांचा अभ्यास करायला जगभर जागा निघतात. साहेबांचा अभ्यास करायला एकही निघालेली मी पाहिली नाही. निघाली, तर पहिला अर्ज माझा असेल. क्षेत्रकार्याचा अनुभव आहे.