सवतीची हळद

माझी जीप जंगलखात्याच्या लिलावातली. घेतली तेव्हा हिरवी होती. मी आधी ती पांढरी केली, मग काळी-पिवळी, आणि चामोर्शी-गडचिरोली प्रवासी नेले. शाळा मी चौथीत सोडली, पण गाडीचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगतो. बढाई नाही. आहे तर आहे.

माझ्या बुढीनं जीपचं नाव पहिल्याच दिवशी सवत ठेवलं. मला जेवायला उशीर झाला की म्हणायची, "का जी, आज सवतीनं जेवू नाई घातलं?"

मागच्या उन्हाळ्यात नातीचं लग्न ठरलं. नवरदेव चिमूरचा. नात म्हणाली, "आबाजी, सासरी जाईन तर आपल्याच जीपमधी."

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, रंगाचे पोपडे निघून राह्यले तिचे. लोकं हासतील. लग्नाच्या सकाळपर्यंत चांगली दिसली तर ठीक, नाई तर मी चंद्रपूरहून गाडी सांगतो."

भाड्याच्या गाडीत माझी नात? पेंटरही म्हणाला, इतक्या दिवसांत होत नाही. मग तर मी घरीच करणार होतो.

जुना रंग काढायला रिमूव्हर लावतात. त्यानं रंग फुगतो, मग पट्टीनं खरवडायचा. मी अंगणात भर दुपारी लावलं. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन! रंग फुगायच्या आधी रिमूव्हरच वाळून जाई. दोन दिवस मी नुसता पत्रा खाजवत बसलो.

बुढी दारातून पाहत होती. "झाकत काऊन नाई जी? धानाचं बी भिजवून झाकतो, तवाच मोड येते ना."

"हे धान नाई, पत्रा हाय."

तिनं पापड वाळवायचा प्लास्टिकचा कागद आणला आणि बॉनेटवर पसरला. तासाभरानं उचलला तर रंग सुरकुतून वर आलेला. पट्टी सरकवली की लांब लांब पापुद्रे निघत.

"ऊन उतरलं म्हणून निघाला," मी म्हटलं.

"हो, उनानंच," ती म्हणाली आणि दाराच्या पत्र्यावर कागद सरकवला.

पुढचे दिवस ती झाकत गेली, मी खरवडत गेलो. आधी पिवळा, मग पांढरा, मग हिरवा, शेवटी उघडा पत्रा. तो पाणीपेपरनं घासला, थिनरनं पुसला आणि सगळ्यांना बजावलं, आता कोणी हात लावायचा नाही. तेलाचं बोट जरी लागलं तरी त्यावर रंग धरत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायांनी लग्नाची हळद दळून तेलात कालवली. मी प्रायमर घेऊन बाहेर आलो तर बॉनेटवर हळदीचा पिवळा पंजा. पाचही बोटं, आणि तेल चमकत होतं.

"कोणाचं काम हे?" मी ओरडलो. जात्यावरच्या बायांनी बुढीकडे पाहिलं.

बुढी उठली. हात पिवळाच होता. "माझं. नातीले हळद लागून राह्यली, तिले काऊन नाई? जन्मभर सवत म्हणून बोटं मोडली मी. आता माझ्या नातीले तीच घेऊन चालली."

मुलगा म्हणाला, "बाबा, थिनर संपलं. चामोर्शीहून आणून देतो."

"मले नोको शिकवू. पुसलं की झालं."

कोरड्या फडक्यानं पुसलं. पिवळं गेलं, तेल गेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती समोर उभी असताना तो हात घासून काढायला माझा जीव धजला नाही.

प्रायमर मारला, वर लाल रंगाचे दोन हात दिले. लग्नाच्या सकाळी मुलानं जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "नाई सांगत गाडी."

पाठवणीच्या आधी पोरांनी झेंडूचा हार बॉनेटवर टेपनं चिकटवला. वाकडा लागला म्हणून टेप ओढली, तर तेल राहिलं होतं तिथला रंगही सोबत निघाला. खाली तीन बोटं आणि अर्धा तळवा, जशाच्या तसा.

मुलानं डोक्याला हात लावला. "अशी धाडू का पोरीले? थांबा, मी फोन करतो."

तेवढ्यात नात आली. तिनं त्या उघड्या पत्र्यावर आपली मेंदीची बोटं ठेवून पाहिली. "आजीचा हात हाय हा," ती बापाला म्हणाली. "फोन ठेवा. अन् हार इथून सरकवा, हात झाकून राह्यला." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. चिमूरपर्यंत मीच चालवली.

तेवढी जागा मी अजून रंगवलेली नाही. गंज लागू नये म्हणून तिथं अधूनमधून तेलाचं बोट फिरवतो.

बुढी पाहते. "आमी लावलं तवा वरडले ना जी?"

"तवा रंग व्हायचा होता," मी म्हणतो.