श्रीपादरावांची मौन फेरी

श्रीपाद दिघ्यांना एकच हौस होती आणि ती संसारात कुणाच्याही उपयोगाची नव्हती. बँकेतून निवृत्त झालेला हा सुदामा नगरचा गृहस्थ दर गुरुवारी छावणीजवळच्या जुन्या चर्चला जायचा, तो नुसता बघायला. टोकदार दगडी कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले टेकू, उतरतं छप्पर! हे कुणाला तरी दाखवावं म्हणून त्यांचा जीव तळमळायचा. पण बायको, इंदुमतीबाई, लग्नापासून एकच म्हणायच्या, "अहो, तिथे ना आपला देव, ना आपलं घर. बघायचं काय?"

आता सुंदर वास्तू बघायची, तर चपला काढून, इमारत उजव्या हाताला ठेवून सावकाश फेरी मारायची, हे श्रीपादरावांच्या हाडीमाशी खिळलेलं. मध्येच कुणी बोललं की तंद्री मोडे, म्हणून ते ओठांवर बोट ठेवत.

"अहो भिया, कोणती मन्नत आहे, कसला नवस?" एका बाईनं विचारलं. बोट ओठांवर गेलं. मौनव्रत! बाई मुकाट मागे चालू लागली. आठवड्यात तिच्या मुलाला नोकरी लागली आणि मग काय विचारता! अर्धं सुदामा नगर चर्चभोवती फिरू लागलं, अनवाणी, मुकं, डोळे मिटून. कुणी प्रसादाला पोहे-जिलबी आणली. इंदुमतीबाईही आल्या, गुडघ्यांसाठी.

फादर बिचारे हैराण. "श्रीपादजी, आज तर पायरीवर नारळ फोडला! पुढच्या गुरुवारपासून गेट बंद. सॉरी, तुमच्यासाठीपण."

म्हणजे दाखवायचं ते आजच! श्रीपादराव भर फेरीत ओरडले, "मन्नत-बिन्नत काही नाही हो! मी इमारत बघतोय! डोळे उघडा, वर बघा जरा!"

मौन सुटलं म्हणजे व्रताची सांगता असणार, असं समजून सगळ्यांनी भक्तिभावानं माना वर केल्या. क्षणभर बघितलं, हात जोडले आणि पुन्हा डोळे मिटले. इंदुमतीबाई मात्र कमानीखाली थबकल्या.

"अहो, हे दोन्हीकडचे दगड नुसते एकमेकांवर रेललेत. पडत कसे नाहीत?"

ह्या प्रश्नाची श्रीपादरावांनी लग्नापासून वाट पाहिली होती. उत्तर तोंडपाठ होतं. पण आनंदानं ओठच थरथरू लागले, ते आवरायला त्यांनी त्यांवर बोट ठेवलं.

इंदुमतीबाईंनी समजून मान हलवली, डोळे मिटले आणि पुढच्या फेरीला लागल्या.