आप्पांच्या व्हॅनला आलेलं चलान

चलानाचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. आप्पांच्या व्हॅनच्या कागदांवर नंबर माझाच दिलेला आहे, कारण आप्पांचा मोबाइल बटणांचा, आणि तोही बहुतेक वेळा आईच्या तांदळाच्या डब्यावर विसरलेला. मी रसायनीच्या एका कंपनीत ऑफिसात काम करते. जेवणाच्या सुट्टीत मेसेज उघडला, लाल दिवा ओलांडल्याचं वाचलं आणि घास हातातच राहिला.

आप्पा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं एस.टी. चालवली आणि कुणाच्या सायकललासुद्धा धक्का लावला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी व्हॅन घेतली. कुणाला खोपोलीच्या दवाखान्यात सोड, कुणाची भाजी बाजारात पोचव, असं त्यांचं चालू असतं. शेजारी बसणाऱ्याला मात्र वाटभर प्रवचन ऐकावं लागतं. गावात दोन-चार जण तेवढ्यासाठी पायी जाणं पसंत करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

जुन्या हायवेवर आमच्या फाट्याला सिग्नल बसला, वर कॅमेरे लागले, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीने नाक मुरडलं. एकटे आप्पा खूश. त्या रात्री त्यांनी जेवताना ताटात टोमॅटो, लिंबू आणि मिरची मांडली आणि आमचा वर्ग घेतला.

"पिवळा झाला की काय करायचं रं?" त्यांनी माझ्या भावाला विचारलं.

"जोरात काढायची," भाऊ म्हणाला. तो साजगावच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्याला शिफ्टची घाई असते.

"गाढवा! पिवळा म्हंजे थांबायची तयारी. पळायची नाय." लिंबू त्यांनी भावाच्या ताटात पिळून टाकलं. "आन पांडऱ्या पट्टीच्या अलीकडं थांबायचं. पट्टीवर बी नाय."

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! दुसऱ्या दिवशी पारावर बसून त्यांनी जाहीर केलं, की ज्या दिवशी माझ्या हातून नियम मोडंल त्या दिवशी मी स्टिअरिंग सोडीन. कुणी विचारलं नव्हतं. पण आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना माहीत. म्हणून तो मेसेज मी कुणी बघायच्या आत बंद केला. गाडी नसलेले आप्पा मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हते. ते नुसते ओटीवर बसून राहिले असते आणि महिन्याभरात म्हातारे झाले असते.

संध्याकाळी भावाला गोठ्यामागे गाठलं आणि चलानाबरोबरचा फोटो दाखवला. व्हॅन पट्टीच्या चांगली पुढे, वर लाल दिवा लखलखीत, आणि काचेमागे आप्पा. चेहरा काळाकरडा आला होता, पण त्या मिशा काय लपणार? मान पूर्ण डावीकडे वळलेली, उजवा हात कपाळाला टेकलेला.

"हे कॅमेऱ्याला सलाम करतायत का गं?" भावाने विचारलं.

मग आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं. सिग्नलच्या डाव्या बाजूला आमच्या गावदेवीचं देऊळ आहे. आमच्याकडे कुठलाही ड्रायव्हर देवीवरून जाताना एक हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि दुसरा छातीला, मग कपाळाला लावतो. मान वळते ती वळतेच. सिग्नल बसवणाऱ्यांनी नेमका त्या जागी बसवला, जिथे सगळा तालुका क्षणभर समोर बघत नाही. आम्ही पोट धरून हसलो, आणि मग मला पारावरचा शब्द आठवला.

गुपचूप दंड भरून विषय संपवायचा असं ठरलं. पण आई शेण काढायला गोठ्यात आली होती. तिने अर्धंच ऐकलं, आणि आईच्या पोटात काहीही राहत नाही. पाचव्या मिनिटाला ती ओटीवर सांगत होती, "अवो, तुमच्या गाडीला दंड आलाय म्हंत्यात!"

आप्पांनी माझ्याकडून चलानाचा वार काढून घेतला आणि चौकशी मांडली. स्वतः खुर्चीत, आम्ही समोर उभे.

"मंगळवारी गाडी कुनी नेलीवती?"

मंगळवारी सकाळी गाडी भावाने नेली होती आणि दुपारी आप्पांनी. चलान दुपारचं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मीच आप्पा. सकाळी. घाई होती."

मला त्याचा रागही आला आणि त्याच्यावर मायाही आली. आप्पांनी फोटो बघायला नकार दिला. "पोराचा पराक्रम बगायची मला हौस नाय," म्हणाले. आठवडाभर त्यांनी भावाला चावी दिली नाही. जेवताना, अंघोळीला जाताना, दाढी करताना त्याला पिवळ्या दिव्याचा अर्थ ऐकवला. भाऊ मुकाट ऐकायचा. त्याच्यात एवढा संतपणा आहे हे मला त्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

खरी शिक्षा रविवारी होती. सिग्नलपाशी तासभर उभं राहून भावाने नियम बघायचे होते. देखरेखीला आप्पा स्वतः, इस्त्रीचा शर्ट घालून. चहाच्या टपरीवाल्याकडून त्यांनी खुर्ची मागून घेतली. मी चहा पीत बघत होते.

पेंढ्याने भरलेला टेंपो आला. ड्रायव्हरने देवीकडे बघितलं, हात कपाळाला लावला आणि लाल दिव्याखालून सरळ निघून गेला.

"आरं आंधळ्या!" आप्पा खुर्चीतून उठले. "बगितलंस? तुज्याच जातकुळीतला!"

पाठोपाठ दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. छाती, कपाळ, आणि लालमधून पार. आप्पांनी कपाळ बडवलं. मग पुण्याकडची एक चकचकीत गाडी आली आणि पट्टीच्या अलीकडे जागच्या जागी थांबली.

"बग, ह्याला म्हंत्यात ड्रायवर! ह्यो कसा थांबला?"

"त्याची देवी हितली नाय, आप्पा," भाऊ हळूच म्हणाला.

आप्पा परत खुर्चीत बसले. आणखी एक रिक्षा छाती-कपाळ करत गेली, तिच्याकडे ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी मान देवळाकडे वळवली. उजवा हात आपोआप वर गेला, छातीला लागला, कपाळाला लागला आणि तिथेच थांबला. तो हात खाली घेऊन ते त्याच्याकडे बघत बसले.

"फोटो दाव गं," मला म्हणाले.

दाखवण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला. मला वाटलं, आता संपलं. भाऊ मान खाली घालून उभा होता.

"आठ दिस माजं बोलनं ऐकून घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमी शपत घेतलीवती ना पारावर," भाऊ म्हणाला.

आप्पांनी शर्टाच्या खिशातून व्हॅनची चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. आजवर त्यांना कधी हरलेलं बघितलं नव्हतं मी. मला रडू आलं. चहा गरम आहे असं टपरीवाल्याला सांगितलं.

परत निघालो. भाऊ स्टिअरिंगवर, मी मागे आणि आप्पा जन्मात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर. दहा पावलं गाडी गेली नाही तोच त्यांनी भावाचा क्लच, आरसा आणि बसण्याची पद्धत काढली. तेवढ्यात दिवा पिवळा झाला. भाऊ पट्टीच्या अलीकडे थांबला आणि लाल लागला. देऊळ बरोबर आप्पांच्या खिडकीबाहेर होतं. त्यांनी काच पूर्ण खाली घेतली, चपला काढल्या, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मी आरशात बघत होते. किती तरी वेळ ते तसेच होते, आणि दिवाही लालच होता.

डोळे उघडल्यावर म्हणाले, "बत्तीस वर्सं देवीला एका हातावर भागवलं रं. आज कुटं दोन हात जोडायला सवड गावली."